पोरीचा कॅनडातला वार्ड अन् माझा हिसाब

आमची पोरगी कॅनडात खासदारकीले उभी राह्यली, तवा तिनं सल्ला इचाराले फोन केला तो मले. अर्धं नुकसान तं तिचं तिथंच झालं.

आधी माझं सांगतो. रिसोडच्या भायेर आमचा मळा हाये. सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी, वांगे, मुळे. शाळेत मी एकदाच गेलो, ते बी आमची बकरी आत शिरली होती म्हणून. पण वार्डाच्या निवडणुकीचा हिसाब माह्या तोंडपाठ असते. कोणती गल्ली कोणाकडं झुकली, कोणत्या घरात रुसवा हाये, कोणाचा साळा कोणाच्या मागं फिरून राह्यला, सारं. मी हाटेलात बसून सांगतो अन् लोक आइकतेत. आजपावतर हा हिसाब एकदाबी बरोबर निघाला नाई. मी ज्याले निवडून आला म्हणलं, तो पडलाच. मागच्या बारीले एक उमेदवार सकाळी सकाळी मळ्यात आला, हात जोडले अन् म्हणे, "काका, मत नाई देलं तरी चालते, पण हाटेलात माझं नाव नका घेऊ."

अशा माणसाले पोरीनं इचारलं. बाप हाये म्हणून इचारलं असंन, दुसरं काई कारण मले सापडत नाई.

पोरगी नर्स हाये. अकोल्याले शिकली, लग्न झालं, जावयाच्या मागं कॅनडात गेली. तिथं दवाखान्यात लागली अन् कागदोपत्री तिथलीच झाली. त्या शहराचं नाव मले घेता येत नाई, अर्ध्यात जीभ अडकते, म्हणून मी नुसतं कॅनडा म्हणतो. ते राह्यतेत तिथं उंच उंच टावर हायेत. लिफ्ट बंद पडली का ही अर्ज करे, बस कमी केली का ही अर्ज करे. अर्ज करू करू तिथल्या एका पक्षाच्या लोकाईच्या नजरेत भरली. ते म्हणे, तुमीच उभ्या राहा.

तिची सांज म्हणजे आमची सकाळ. मी मेथी उपटून राह्यलो होतो अन् बायको बांधावर बसून सांबाराच्या जुड्या बांधत होती. फोन वाजला. पोरीनं सांगतलं अन् मंग म्हणाली, "बाबा, आमचा पक्ष अठी दरवेळी तिसरा येते. सगळे म्हणतेत, नावापुरती उभी राहा. पण मी बिनपगारी सुट्टी घेतली हाये. मले जितायचं हाये. हारली तं सोमवारपासून परत रातपाळी."

"मंग जितू ना," म्या म्हणलं. जसं काई वांगेच तोडून द्यायचे हायेत.

"तुमी वार्डात कसा हिसाब लावता, तसा मले लावून द्या."

बायकोनं जुडी बांधता बांधता माह्याकडं पाह्यलं.

म्या इचाराले सुरुवात केली. "तिथं जास्त कोण हाये?"

"म्हणजे?"

"म्हणजे कोणाचे घरं जास्त? कोण्या जातीचे?"

"बाबा, अठी तसं नाई चालत."

"माणसं राह्यतेत ना तिथं?"

"राह्यतेत."

"मंग चालतेच. तू सांगत जा."

तिनं सांगतलं, ते असं. पूर्वेकडं जुने इटाचे घरं, पुढं हिरवळ, मांगं झाडं. मालक गोरे अन् म्हातारे, पेन्शनवाले. ते मत टाकाले कधी चुकत नाईत अन् पह्यल्या पक्षाचा जो जुना खासदार हाये, त्याले सोडत नाईत. मधात कॉलेज हाये, तिथं भाड्यानं राह्यणारे पोरं. बोलतेत लय, पण मतदानाच्या दिवशी उठतीन का नाई याचा भरोसा नाई. अन् पश्चिमेकडं हे टावर. पंजाबी, तमिळ, गुजराती, फिलिपिनो, आफ्रिकेतले लोक. कंपनीत, दवाखान्यात, टॅक्सीवर कामाले जाणारे. माणसं सगळ्यात जास्त तिथं अन् मतं सगळ्यात कमी तिथून पडतेत.

अजून एक गोष्ट तिनं सांगतली, ते मले दोन दिवस पटली नाई. तिथले लोक आपल्या घराम्होरच्या हिरवळीत पाटी रोवतेत, का आमी याले मत देऊन राह्यलो. पूर्वेकडं जुन्या खासदाराच्या पाट्याच पाट्या. आमच्या इकडं असं कोणी केलं तं बाकीचे उमेदवार त्याच्या दारी चाय प्याले येतीन काय? माह्या घरावर निवडणुकीत सगळ्याईचे झेंडे असतेत. एक टाकीवर, एक गोठ्यावर, अन् एकाचा दुपट्टा बुजगावण्याच्या गळ्यात. बुजगावणं बी कधी कोणाले नाई म्हणत नाई.

"अन् टावरात पाट्या कुठं लावतेत?" म्या इचारलं.

"टावराले हिरवळच नाई बाबा. गॅलरीत लावू देत नाईत. म्हणून वाटते तिथं कोणी कोणाचंच नाई."

बटणाची मशीन बी नाई तिथं. कागदावर शिसपेनीनं फुली मारा लागते. हे आइकून मले बरं वाटलं. फुली मले येते. मी कॅनडात शिकलेला धरल्या गेलो असतो.

त्या दिवशी भाजीचा हर्रास, म्हणजे लिलाव, झाल्यावर म्या बाजारातच आमच्या वायरमनले पकडलं. वायरमन म्हणजे माह्या शेजारचा बौद्धवाड्यातला दोस्त, बिजलीखात्यातून रिटायर झालेला. पेपर वाचते, चष्मा पुसते अन् माह्या हिसाबातल्या चुका काढते. म्या रिकामं पोतं जमिनीवर अंथरलं अन् उरल्यासुरल्या भाजीचा कॅनडा मांडला.

"हे वांगे," म्या म्हणलं, "हे पूर्वेकडचे जुने घरवाले. बसले तिथं बसले. ह्या मिरच्या, हे कॉलेजचे पोरं. आज इथं, उद्या तिथं."

"अन् हे काय?" त्यानं टोपलीत उभे ठेवलेले मुळे दाखवले.

"हे टावर."

"तुही पोरगी कोणात?"

"मुळ्यात."

वायरमननं चष्मा वर केला. "वांगे फुटत नाईत म्हणतो. मिरच्या झोपून राह्यतेत. म्हणजे सारा खेळ मुळ्यावर."

"बरोबर."

"मंग मुळे मत टाकाले काहून जात नाईत?"

याचं उत्तर मी द्यायच्या आत बाजारातली एक मोकाट गाय मांगून आली अन् तिनं पश्चिम बाजू खाऊन टाकली. म्या हुसकली तवर दोन टावर गेले होते. वायरमन म्हणे, "पाह्य, हे बाजू कोणी न कोणी खाऊन राह्यलं."

तो हसण्यावारी बोलला. पण म्या घरी येऊन इचार केला अन् मले वाटलं, मले सापडलं. टावरात आपल्याच सारखे लोक हायेत ना? मंग घरं बी आपल्याच सारखे असतीन. अन् घर म्हणजे काय, तं करता माणूस. आमच्या वार्डात उमेदवार घरात आला का पह्यले इचारते, बुढेबुवा कुठं हायेत? बुढ्याच्या पाया पडते, घोटभर चाय पेते, बुढा मान हालवते, अन् उमेदवार भायेर जाऊन आपल्या सोबतच्या पोराले सांगते, हे घर आपलं. पोरगं पाच बोटं दाखवते, सात दाखवते, जेवढी घरात मतं. माह्या घरात बी असंच होते. मीच मान हालवतो. आमच्या घरचे सारे मतं माह्या खिशात.

दुसऱ्या दिवशी म्या पोरीले सांगतलं, "पोरांसोरांच्या नादी लागू नको. टावरात जा अन् घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाले धर. पाया पड. चाय देलं तं नाई म्हणू नको. बुढा हो म्हणाला का अख्खं घर हो."

"अठी तसं असते का बाबा?"

"तू इथलीच हाये ना? ते बी तिकडून इकडूनच आलेले. माणूस विमानात बसला म्हणून काय बदलते?"

तिचं मन मानत नव्हतं. पण दवाखान्यात तिनं म्हाताऱ्याईच्या मांगं पोराबाळाईचा घोळका पाह्यला होता, अन् तिचे पक्षातले सोबती बी म्हणाले का दुपारी दारं उघडाले तेच असतेत. मंग ती लागली कामाले. रोज दुपारी टावरात जाये, दार वाजवे. दार उघडणारा पंजाबी बुढा, नाई तं गुजराती आजी, नाई तं तमिळ आजोबा नातवाले कडेवर घेतलेले. ही पाया पडे. ते खुश. साऱ्या कॅनडात त्याईच्या पाया पडणारं कोणी नव्हतं. चाय पाजत, खाले देत, डोक्यावर हात ठेवत, अन् म्हणत, "बेटी, हमारा घर तेरा."

सकाळी फोनवर ती सांगे, "बाबा, आज अख्खा बारावा मजला हो म्हणाला."

मी हाटेलात जाऊन सांगो, "कॅनडाचा बारावा मजला आपला झाला." हाटेलवाल्यानं बोर्डावर खडूनं लिहाचंच बाकी होतं. म्या छाती ठोकून सांगतलं का पोरगी निवडून आली समजा. वायरमन एवढंच म्हणाला, "तू म्हणून राह्यला ना, मंग मले काळजी वाटते."

पंधरा दिवस असे गेले. तिथं प्रचार बी काई लय दिवस नसते, महिनाभर अन् वरून थोडा. म्हणजे निम्मा माह्या हिसाबात गेला.

मंग एका सकाळी फोन आला तं आवाज बसलेला होता. आमी दोघं मळ्यातच होतो. म्या फोन स्पीकरवर टाकला अन् मुळ्याच्या वाफ्यावर ठेवला.

"बाबा, काल लिफ्टमंधी एक बाई भेटली," पोरगी म्हणाली. "ड्यूटीवरून येत होती, अंगात कंपनीचा डगला. म्या म्हणलं, तुमचे सासरे भेटले होते, ते म्हणाले तुमचं घर आमालेच मत देईन. तं ते हसली. म्हणे, ते साऱ्याईलेच हो म्हणतेत. काल दुसऱ्या पक्षाचा माणूस आलता, त्याले बी चाय अन् पिन्नीचा लाडू देला. म्हणे, मले कोणी इचारलं?"

म्या म्हणलं, "एखादी सून असते तशी. आगाऊ."

"आइका ना. मंग मी वर जाऊन तिच्या सासऱ्याले, त्या सरदारजीले इचारलं, बाबाजी, मत टाकाले याल ना? ते म्हणे, पुत्तर, मेरा वोट तो पिंड में है, म्हणजे तिकडं पंजाबातल्या गावात. ते पोराकडं राहाले आलेले हायेत. त्याईले अठी मतच नाई. मी सगळीकडं फिरली बाबा. अर्ध्याअधिक म्हाताऱ्याईले मत नाई. अन् ज्याईले हाये, त्याईचं घरात कोणी आइकत नाई."

बायको जुड्या बांधून राह्यली होती.

"पंधरा दिवस गेले बाबा," पोरगी म्हणाली. रडत नव्हती. नर्स लोकाईले रडाची सवय राह्यत नाई. पण पंधरा दिवस कुठं गेले हे तिले अन् मले दोघालेबी माहीत होतं.

मी काईतरी बोलाचं म्हणून बोललो, "ते घरंच बेशिस्त. आपल्या घरी पाह्य, मी एकदा मान हालवली का..."

"कोण्या घरी?" बायको म्हणाली.

"आपल्या."

"आपल्या घरी काय?"

"आपल्या घरचे मतं मी सांगतो तिथं पडतेत."

बायकोनं दातानं सुतळी तोडली. "कधी पडले?"

मले वाटलं मजाक करून राह्यली. म्या म्हणलं, "आतापावतर कोणाले देलं मंग तू?"

"ज्याले द्यायचं त्याले देलं."

"म्हणजे मी सांगतलं त्याले नाई?"

"आवो, तुमी सांगता तो पडते. हे साऱ्या रिसोडले माहीत हाये. आपलं मत पाण्यात कायले टाकायचं?"

मुळ्याच्या वाफ्यातून पोरीचा आवाज आला. "बाबा, आता सांगतो. लग्नाच्या आधी म्या पह्यलं मत टाकलं होतं ना, ते बी तुमी म्हणले त्याले नव्हतं."

"तू बी?"

"मायनंच सांगतलं होतं, मनानं टाक म्हणून."

घरात सून बी हाये, तिच्याबद्दल म्या इचारलंच नाई. एका सकाळी माणसानं किती आइकावं. इतके वर्षं मी मान हालवत होतो अन् उमेदवाराचे पोरं भायेर बोटं मोजत होते. माह्या खिशात जे मतं होते त्यात माझं एक होतं, अन् ते बी पडणाऱ्याले. माझा हिसाब कधीच काहून जुळत नव्हता हे मले त्या दिवशी समजलं. मी अख्ख्या वार्डाचे बुढे मोजत होतो. वार्ड दुसरीकडंच बसला होता, जुड्या बांधत.

बायकोनं मंग फोन वाफ्यातून उचलला, माती पुसली अन् मले पाठ करून बोलाले लागली.

"बाई, आता झालं ते झालं. त्या टावरातल्या बाया कपडे कुठं धुतेत?"

"खाली तळघरात मशिनी हायेत माय. साऱ्या बिल्डिंगचे कपडे तिथंच."

"मशीन फिरते तवर बाया काय करतेत?"

"बसतेत. मोबाईल पाह्यतेत."

"मंग तिथं जाऊन बस. आपले बी कपडे घेऊन जा, नुसती हात हालवत गेली तं बाया तोंड उघडत नाईत. अन् मत दे म्हणू नको. लिफ्ट बंद राह्यते का, घरभाडं वाढलं का, पोरं कोणाजोळ ठेवते, हे इचार. तुले माहीतच हाये सारं, तू बी तिथंच राह्यते."

"अन् बाबाचं?"

"तुह्या बाबाले मी इकडं धरून ठेवतो."

त्यानंतर पोरगी माह्यासोबत फोनवर हिसाबाचं काई बोलली नाई. तब्येत इचारे, मेथीचा भाव इचारे अन् म्हणे, मायले द्या. मी मायले देओ अन् मेथी उपटो. कानावर पडे तेवढं आइको. जावयाचे शर्ट तिनं त्या दिवसाईत इतके धुतले म्हणे का कॉलरा फाटल्या. एक तमिळ बाई तीन लेकराची माय, तिनं आपल्या मजल्यावरच्या बायाईले गोळा केलं. लिफ्टवाली पंजाबी सून संध्याकाळी हिच्यासोबत दारं वाजवत फिराले लागली. बाया म्हणत, मत टाकाले जावं तं लेकरं कोणाजोळ ठेवावे? ड्यूटी सुटते तवा मतदान संपाले येते, मधात पोरंबी आणा लागतेत शाळेतून.

ते म्हातारे तिथं कामी आले. मत नव्हतं त्याईले, पण हात होते. मतदानाच्या दिवशी सरदारजीच्या घरी साऱ्या मजल्याचे लेकरं गोळा केले. दुसऱ्या टावरात गुजराती आजीनं सांभाळले. पोरगी सांगे का एकेका घरात एवढे बूट दाराशी, का आत जायले जागा नाई. अन् बाया डगल्यातच, ड्यूटीवरून थेट, रांगेत उभ्या.

निकाल आला तवा आमच्याकडं सकाळ होती, हर्रास चालू होता. म्या सांबार आडत्याच्या हवाली केला अन् वायरमनसोबत ओट्यावर बसलो. बायको बी त्या दिवशी बाजारात आलती. येत नाई एरवी. फोन तिच्याच हातात होता.

वाजला. तिनं आइकलं, हूं म्हणाली, परत हूं म्हणाली अन् मंग स्पीकर केला.

"हारली बाबा," पोरगी म्हणाली. "वांगे हालले नाईत." मुळ्याचा अन् वांग्याचा कॅनडा म्या तिले कधीतरी सांगतला होता. "पण आमी दुसरे आलो. आमचा पक्ष अठी कधीच दुसरा आला नव्हता. अन् टावरातून एवढं मतदान कधी झालं नव्हतं. मोजणारे बी इचारत होते, आज काय झालं पश्चिमेकडं."

वायरमननं मान हालवली. ते पंधरा दिवस माह्याम्होरं बसले होते, चाय पेत, पिन्नी खात.

पोरीले बी तेच दिसत असंन, पण ते बोलली नाई. उलट म्हणाली, "सरदारजी आलते ऑफिसात, डब्बा घेऊन. त्याईच्या पोरानं त्याईचे पक्क्या मुक्कामाचे कागद केले म्हणे, पुढंमांगं अठलेच होतीन. म्हणे, पुत्तर, जवा केव्हा मत भेटंन, पह्यलं तुले."

मले एवढंच पाह्यजे होतं. म्या म्हणलं, "पाह्य. म्हणजे माझा हिसाब चुकला नव्हता. थोडा आगोदर झाला."

पोरगी हसली. महिन्याभरानंतर हसली असंन. बायको म्हणाली, "बाई, त्याच्या सुनेले इचारून घे आधी."

मंग पोरीनं इचारलं, "बाबा, खरं सांगा, तुमी हाटेलात सांगतलं होतं का, मी निवडून येतो म्हणून?"

मी वायरमनकडं पाह्यलं. तो चष्मा पुसाले लागला.

"सांगतलं होतं," म्या म्हणलं.

"किती लोकाईले?"

"होते तेवढ्याईले."

"मंग काय बाबा," ते म्हणाली. "मी उगीच कॉलरा फाडल्या."

सोमवारी ती रातपाळीवर गेली. तिथले लोक तिले आताच इचारून राह्यले म्हणे, पुढच्या बारीले उभी राह्यशीन का. ते पाहू म्हणते. तिच्या मायचा आवाज हाये तो, पाहू म्हणायचा.

परवा हाटेलात पाचसहा जण बसले होते. चाय आला. एक जण म्हणे, "काका, पोरगी पुढच्या बारीले उभी राह्यते म्हणतेत. तुमचा काय हिसाब, येईन का?"

वायरमन बी माह्या तोंडाकडं पाहाले लागला. हिसाब तं माह्या जिभेवर तयार होता. टावर, तळघर, सरदारजी, सारं मांडून ठेवलेलं.

म्या चायची बशी तोंडाले लावली. "मले काई माहीत नाई," म्हणलं. "मायले इचारा तिच्या."